मृगाआधीची मशागत

वैशाखाच्या उन्हात, ज्या वेळी माळावरचे गवत करपून गेलेले असते आणि विहिरींनी तळ गाठलेला असतो, त्याच वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, खरीप हंगामाची आढावा बैठक भरते. बियाणे किती लागेल, खताचा साठा कोणत्या गोदामात पडून आहे, पीककर्जाचे वाटप कोठे अडले आहे, याची तालुकावार चौकशी होते आणि ज्याच्या हातून कुचराई झाली असेल त्याला भर सभेत जाब द्यावा लागतो. ही बैठक पेरणीनंतर घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही. कारण पाऊस लांबला तर थांबता येते, एक पेर फुकट गेली तर कर्ज काढून दुबार पेरता येते, परंतु वापसा आला आणि बी हातात नाही, तर त्या वर्षाला इलाज उरत नाही, हे या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

त्याच मृगाच्या सुमारास या जिल्ह्यांत दुसराही एक हंगाम उभा राहतो. जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे त्यानंतर काही दिवसांनी, राज्यातील ३४ जिल्हा परिषदांच्या शाळांची कुलपे निघतात आणि ज्यांना दुसरा कोणताही पर्याय नाही अशी लक्षावधी मुले त्या उंबरठ्यांवर येऊन उभी राहतात. या हंगामाची मशागत मात्र आपण पेरणीच्या दिवशी सुरू करतो. शिक्षकांच्या बदल्यांचा घोळ शाळा उघडली तरी मिटलेला नसतो, गळक्या छताचा अर्ज भर पावसात पंचायत समितीच्या बारनिशीत चढतो, आणि काय शिकवावयाचे याचा हुकूम शिकवणे सुरू झाल्यावर फिरतो. माझे मागणे एकच आहे: मुलाच्या वर्गाला ज्याचा स्पर्श होतो असा प्रत्येक निर्णय, मग तो बदलीचा असो, नेमणुकीचा असो, खरेदीचा असो की अभ्यासक्रमाचा असो, ३० एप्रिलपर्यंत पुरा व्हावा, आणि जो त्या तारखेला पुरा झालेला नसेल तो, कितीही स्तुत्य असला तरी, पुढील वर्षावर जावा.

माझ्या लहानपणी आमच्या गावातील शाळेला मातीची जमीन आणि कौलारू छप्पर होते. शाळा उघडण्याच्या आठ-दहा दिवस अगोदर गुरुजी आपल्या गावाहून परतत, गावातल्या दोन जाणत्या माणसांना वर चढवून कौले शाकारून घेत, फुटक्या कौलांचे पैसे सादिलातून भागले नाहीत तर पाटलाच्या ओसरीवर जाऊन वर्गणी मागत. आणि आदल्या दिवशी आम्ही मुले शेण कालवून सगळी जमीन सारवून काढीत असू. त्या ओल्या सारवणाचा वास आणि वरच्या इयत्तेतल्या मुलाकडून अर्ध्या किमतीला घेतलेल्या पुस्तकाचा वास, हे दोन्ही मिळून आमचे नवे वर्ष होई. त्या काळाचे गुणगान करण्यासाठी हे सांगत नाही. त्या शाळेत येऊ न शकलेली मुले किती होती, आणि त्यांत मुली किती होत्या, हे मला चांगले आठवते. सांगावयाचे आहे ते एवढेच की, पावसाआधी छप्पर नीट करावे लागते हा साधा क्रम त्या वेळी हातातल्या पैशाच्या आणि अधिकाराच्या आवाक्यात होता. सादिलाची ती तुटपुंजी रक्कम गुरुजींच्या पेटीत असे आणि ती खर्च करण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नसे.

आज शंभराच्या आत पट असलेल्या बऱ्याचशा शाळांना समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान मंजूर असते, अगदी लहान शाळांना त्याहून कमी. रक्कम मोठी नाही, परंतु पत्रे बदलणे, नळाची दुरुस्ती, खडू-फळा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार, एवढे तीतून होऊ शकते. ही रक्कम जर आर्थिक वर्षाच्या अखेरीस खात्यावर आली आणि ३१ मार्चपूर्वी खर्चून टाका असा तगादा तिच्यामागोमाग आला, तर मुख्याध्यापकाने काय करावे? जूनमध्ये ज्या दाराची गरज होती ते दार मुलींनी नऊ महिने पाहिलेले नसते, आणि मार्चमध्ये जे घाईने विकत घेतले जाते त्याची नोंद जडवस्तूंच्या रजिस्टरात होऊन ते कपाटात जाते. मोडकळीस आलेल्या खोलीचे तर याहून कठीण. ती पाडावयाची तर आधी निर्लेखनाचा प्रस्ताव, मग बांधकाम खात्याची पाहणी, मग मंजुरी. आणि या साखळीतील एक कडी जरी पावसाळ्यापर्यंत रेंगाळली तरी ती खोली आणखी एक पावसाळा मुलांच्या शेजारी उभी राहते. भिंतीला पाणी कधी लागणार याची तारीख आधीच ठाऊक असताना तिचा कागद जूनमध्ये हलावा, हे मला कोणत्याही सबबीवर मान्य होत नाही.

शिक्षकाच्या बाबतीत तर सबब शोधूनही सापडत नाही. कोणत्या शाळेत किती शिक्षक असावेत हे ज्या संचमान्यतेने ठरते, तिचा आधार ३० सप्टेंबरचा पट हा असतो. म्हणजे मुलांची मोजदाद झाल्यापासून ३० एप्रिलपर्यंत पूर्ण सात महिने सरकारदरबारी हाती असतात. या सात महिन्यांत आकडे तपासावेत, पदे ठरवावीत, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन करावे, रिक्त जागांची यादी लावावी आणि बदल्यांचे हुकूम काढावेत. यांतील एकही काम असे नाही की जे उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावाचून सुरू करता येत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल वा मे महिन्यात कराव्यात असे राज्याच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्यात स्पष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या वेगळ्या शासन निर्णयांनी होतात, परंतु ज्या विवेकाने तो कायदा झाला तो विवेक शाळेला सर्वांआधी लागू पडतो. महसूल खात्यातला कारकून जुलैत बदलला तर सातबारा चार दिवस उशिरा मिळेल, पण पहिलीच्या बाई जुलैत बदलल्या तर नुकते रडे थांबलेले मूल पुन्हा दाराशी जाऊन उभे राहते.

मी स्वतः एका डोंगरी तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. एक शिक्षक कार्यमुक्त होऊन गेले होते आणि त्यांच्या जागी नेमलेले अद्याप रुजू व्हावयाचे होते. उरलेल्या बाई एकट्या चार इयत्ता सांभाळीत होत्या, आणि त्या दिवशी त्यांना केंद्रावरून माहितीसाठी तीन वेळा फोन आला. पहिलीतली मुले दुसरीच्या मुलांच्या हातातली पुस्तके पाहत बसली होती. बाई कामचुकार नव्हत्या. सकाळपासून त्या एकदाही खुर्चीवर बसलेल्या मला दिसल्या नाहीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक देतो, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला जुंपू नये असेही सांगतो. कागदावर त्या शाळेला दोन शिक्षक होते. वर्गात एक होता, आणि तोही फोनवर. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीत वीसहून कमी मुले असलेल्या शाळांना त्या वर्गांसाठी शिक्षकच उरणार नाही अशी अवस्था निर्माण झाली, त्यावर राज्यभर रास्त वाद झाला. त्या वादाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही, कारण निकष बरा असो वा वाईट, तो लागू होण्याची वेळ चुकली की बऱ्या निकषानेही मुलाचे नुकसानच होते.

वेळ चुकण्याचे याहून बोलके दाखले अलीकडच्या काळात आपण सर्वांनी पाहिले आहेत. गणवेशाचेच घ्या. प्रत्येक मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे यावेत, समितीने गावातल्या वा तालुक्यातल्या शिंप्याकडून मापे घेऊन कपडे शिवून घ्यावेत, हा शिरस्ता बरावाईट चालू होता. राज्यभर एकच गणवेश असावा या कल्पनेने २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी वर गेली, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे गेली, आणि शाळा उघडून आठवडे लोटले तरी कित्येक ठिकाणी मुले जुन्याच कपड्यांत येत राहिली. अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा अधिकार पुन्हा समित्यांना देण्याचा निर्णय झाला. बचत गटांच्या बायकांचा यात दोष नाही. ज्या हातांना काम मिळावे म्हणून योजना आखली, त्या हातांत कापडच वेळेवर पोहोचले नाही तर त्यांनी शिवावे तरी काय? पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा हुकूम १६ एप्रिलला निघाला, १६ जूनला शाळा उघडल्या, १७ जूनला त्या हुकुमात फेरफार झाला, आणि २९ जूनला दोन्ही हुकूम मागे घेतले गेले. भाषेच्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे, परंतु त्यासाठी निराळा लेख लागेल. येथे मला फक्त पहिलीच्या शिक्षिकेच्या जागी स्वतःला ठेवून पाहावयाचे आहे: वर्गातल्या पहिल्या दोन आठवड्यांत ती कोणते वेळापत्रक भिंतीवर लावील?

आणि तरीही वेळ पाळता येते, याचा पुरावा याच खात्यात आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली बालभारती दर वर्षी कोट्यवधी पुस्तके छापते. ती पुस्तके उन्हाळ्यात तालुक्याच्या गोदामांत, तेथून केंद्रशाळांत आणि पहिल्या दिवशी मुलांच्या हातांत पोहोचावीत अशी घडी बसविली गेली आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती पोहोचतातही. छापखान्याला आयत्या वेळी हुकूम देऊन पुस्तक निघत नाही, कागदाला आणि शाईला आपला काळ लागतो, हे सर्वांनी मान्य केले म्हणून हे घडले. शिक्षक घडविण्याला, वर्ग लावण्याला, छप्पर दुरुस्त करण्याला कागद-शाईइतकाही काळ लागत नाही असे आपण कशावरून धरून चाललो आहोत?

उशिराचा हिशेब सगळ्या मुलांना सारखा लागत नाही, आणि याच ठिकाणी हा प्रश्न कारभाराच्या शिस्तीपुरता न राहता न्यायाचा होतो. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतील, किंवा शेजारच्या पाथर्डीतील एखाद्या गावी जूनच्या मध्यावर जाऊन पाहा. उन्हाळ्याच्या तोंडावर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून परतलेल्या असतात, बंद पडलेली घरे उघडलेली असतात आणि वर्षातून प्रथमच गाव भरलेले असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडून झालेली असो वा अंगावर उरलेली असो, आईबाप या दिवसांत गावात असतात; त्यामुळे मूलही गावात असते आणि ते शाळेत येते. दसरा झाला की नव्या उचलीचे पैसे हातावर पडू लागतात, दिवाळीच्या मागेपुढे गाड्या जुंपल्या जातात, ट्रॅक्टर भरतात, आणि कोयत्याच्या मागोमाग मूलही कोपीवर जाते. त्याने गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. जेथे आजी आहे, जेथे शाळा व्यवस्थापन समिती जागी आहे आणि जेथे पैसा वेळेवर आला, तेथे त्यांचा मोठाच उपयोग झाला. परंतु ज्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी बरोबर न्यावेच लागते, तिच्यापुरते शालेय वर्ष जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतचे असते. सारे मिळून सोळा-सतरा आठवडे.

आता या मापाने उशीर मोजावा. शहरातल्या मुलाचे जूनचे दोन आठवडे वाया गेले तर ते मार्चपर्यंत कोठेतरी भरून निघतात. शिकवणी असते, आई असते, घरात पुस्तके असतात. ऊसतोड कामगाराच्या मुलीचे तेच दोन आठवडे गेले तर तिच्या संपूर्ण वर्षाचा आठवा हिस्सा गेला. बदलीचा घोळ जुलैअखेरपर्यंत लांबला, तर तिचे एक-तृतीयांशाहून अधिक वर्ष शिक्षकाच्या वाटेकडे डोळे लावण्यात गेले. पुढे ऑक्टोबरात ती पटावरून दिसेनाशी होते तेव्हा तिच्या नावापुढे स्थलांतरित असा शेरा पडतो आणि शिकण्यात मागे राहिल्याचा ठपका तिच्या आईबापांच्या भटकेपणावर येतो. जून-जुलैत ती वर्गात हजर होती आणि वर्ग तयार नव्हता, ही गोष्ट कोणत्याही रजिस्टरात लिहिली जात नाही. जी गोष्ट बीडची, तीच थोड्याफार फरकाने नंदुरबारच्या आणि पालघरच्या पाड्यांची. तेथे काम निराळे असेल, वीटभट्टी असेल, पण गावात थांबण्याचे महिने असेच मोजके असतात.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी एक रुपया ही गरिबाला जड रक्कम होती, आणि ती जड वाटावी हाच हेतू होता. कर्तव्य पालकाचे होते आणि ते चुकले तर त्याची झळ त्याला पोहोचत असे. १ एप्रिल २०१० पासून देशात जो कायदा अंमलात आला त्याने हे कर्तव्य शासनाकडे आणि स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, सोपविले. मूल आता हक्कदार आहे. परंतु हक्कदार दाराशी आला आणि देणेकरी हजर नसला तर त्याची झळ देणेकऱ्याला पोहोचावी अशी तजवीज आपण अद्याप केलेली नाही.

पहिल्या दिवशीच्या प्रवेशोत्सवाला माझा विरोध नाही. बैलगाडीतून वाजतगाजत आलेले, हातात फूल घेतलेले मूल ज्याने पाहिले आहे त्याला त्या समारंभाचे मोल सांगावे लागत नाही, आणि ज्या घराण्यात आजवर कोणी अक्षर गिरवले नाही त्या घरातल्या मुलाचे असे स्वागत होणे ही या राज्याला शोभणारी गोष्ट आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने जे शाळापूर्व तयारीचे मेळावे एप्रिलात आणि जूनमध्ये घेतले जातात, आईला मध्यभागी ठेवून, मुलाला रंग, आकार, मोजणी यांची ओळख करून देतात, ते तर मी मागतो आहे त्याच मशागतीचे उदाहरण होय. या मेळाव्यांनी सिद्ध केले की एप्रिल महिना शाळेच्या वर्षाचा शेवट नसून आरंभ असू शकतो. मुलाची तयारी एप्रिलात होते. खात्याची का होऊ नये?

अडचणी आहेत हे मी जाणतो. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो आणि पैसा जिल्ह्यात झिरपेपर्यंत उन्हाळा सरतो. बदल्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली जाते आणि तारखा पडतात. निवडणुका आल्या की आचारसंहिता लागते आणि हुकूम तहकूब होतात. यांतील प्रत्येक कारण खरे आहे. परंतु खरीप हंगामालाही हीच सारी कारणे असतात, आणि तरी बियाण्याची गाडी मृगाआधी तालुक्याला पोहोचते. कारण न पोहोचली तर कोणाला जाब विचारावयाचा हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. शाळेच्या बाबतीत जाब विचारणाराच बरीच वर्षे गैरहजर होता. १ मे १९६२ रोजी, जिल्हा स्कूल बोर्डांचा काळ संपून, जिल्हा परिषदा स्थापन झाल्या त्या याच विचाराने की गावच्या शाळेचा कारभार गावाने निवडून दिलेल्या माणसाला विचारता यावा. आणि २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर त्यांतील बहुसंख्य परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. शिक्षण समितीच्या सभेत उभे राहून अमुक शाळेला शिक्षक का नाही असे विचारणारा सदस्य त्या सभागृहात नव्हता. अधिकाऱ्यांनी कामे केली नाहीत असे मी म्हणत नाही. त्यांना विचारणारे कोणी नव्हते, एवढेच म्हणतो.

म्हणून दर वर्षी एप्रिलाच्या पहिल्या पंधरवड्यात, खरीप बैठकीच्याच सभागृहात, त्याच अध्यक्षांपुढे, शाळेच्या हंगामाची आढावा बैठक भरावी. तालुकावार विचारावे: किती शाळांचे दोन्ही शिक्षक नेमलेले आहेत, किती छपरे शाकारून झाली, किती मोडक्या खोल्यांचे निर्लेखन अडले आणि कोणाच्या टेबलावर, गणवेशाचे पैसे समितीच्या खात्यावर आले की नाही, हंगामी वसतिगृहांची मागणी दसऱ्याची वाट न पाहता आताच नोंदली गेली की नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याने उभे राहून उत्तर द्यावे, आणि उत्तर देण्यासाठी त्याच्या हातात पैसा व अधिकार आधी द्यावा. रिकाम्या हाताच्या माणसाला जाब विचारण्यात काही पुरुषार्थ नाही. आणि ३० एप्रिलनंतर वर्गात फेरबदल करणारा हुकूम मंत्रालयातून आला तर तो त्या वर्षापुरता लागू होणार नाही असा नियम शासनाने स्वतःवर घालून घ्यावा.

हा नियम होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य आईवडील असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदाच सांगतो, आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम त्याच समितीचे आहे. हे वाचणाऱ्यांपैकी जे अशा समितीवर असतील, त्यांना माझी विनंती आहे की निकालाच्या दिवशी शाळेत पालक जमतात त्याच दिवशी समितीची सभा लावावी, छप्पर, शिक्षक आणि पाणी या तीन गोष्टींचा ठराव मांडावा, तो केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत पाठवावा, आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.